झोळी आणि हिशेबवही

चेन्नईच्या बीच स्थानकावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या उपनगरी गाडीने निघाले, की तांबरम येण्यापूर्वी एक लहानसे स्थानक लागते. त्याच्या फलकावर ‘तांबरम सॅनेटोरियम’ असे नाव आहे. रेल्वेच्या स्थानकांना गावांची, देवळांची, क्वचित राजपुरुषांची नावे असतात. एका शुश्रूषागृहाचे नाव स्थानकाला मिळावे, ही गोष्ट विरळा. इंग्लंडमध्ये मेंडिप टेकड्यांच्या परिसरात क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम चालविलेले डॉ. डेव्हिड चौरी-मुथू (गणिती रामानुजन यांच्यावर काही काळ त्यांनीच उपचार केले होते) मायदेशी परतले आणि १९२८ साली त्यांनी तांबरमच्या मोकळ्या हवेत अवघ्या बारा खाटांनिशी क्षयरोग्यांची सोय केली. १९३७ साली मद्रास सरकारने ती संस्था आपल्याकडे घेतली. आज ते छातीच्या विकारांचे मोठे सरकारी रुग्णालय आहे, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात एचआयव्हीबाधितांना ज्या मोजक्या रुग्णालयांनी दार उघडे ठेवले, त्यांत त्याची गणना होते.

ज्या वर्षी हे रुग्णालय सरकारकडे गेले, त्याच वर्षी मद्रास ख्रिश्चन कॉलेज शहरातील आपली जुनी जागा सोडून तांबरमच्या रानात आले. आणि पुढच्याच वर्षी, १२ ते २९ डिसेंबर १९३८ या काळात, त्या नव्या वास्तूंमध्ये आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेचे अधिवेशन भरले. हे अधिवेशन खरे तर चीनमध्ये व्हावयाचे होते. जपानने तेथे आरंभिलेल्या युद्धामुळे ते भारतात आले. जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या सुमारे ४७० प्रतिनिधींपुढे अध्यक्षस्थानी होते जॉन आर. मॉट. धर्मशास्त्राच्या इतिहासात हे अधिवेशन तेथील वादांमुळे लक्षात राहिले आहे. येथे मात्र अध्यक्षस्थानी बसलेल्या त्या गृहस्थांच्या एका वेगळ्याच कर्तृत्वाशी आपल्याला कर्तव्य आहे. सार्वजनिक कामासाठी पैसा मागणे ही ज्यांनी एक शास्त्रशुद्ध विद्या बनविली, त्या पिढीचे मॉट हे अग्रणी होते.

लोकांकडून पैसा मागून लोकांसाठी संस्था उभी करावयाची, तर मागणाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावे लागतात? हा प्रश्न व्यवहाराचा वाटतो. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असेही कोणी विचारील. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचे मराठी आत्मचरित्रात्मक वाङ्मय उघडून पाहावे. त्यातील कितीतरी पाने मागण्याने भरलेली आहेत. दारोदार हिंडणे, नकार पचविणे, पैपैचा हिशेब छापणे, आणि त्यासाठी घरच्या माणसांना पडलेली झीज हा त्या वाङ्मयाचा एक मोठा आशय आहे. तो वेगळा काढून पाहिला गेला नाही, इतकेच.

आपल्या भाषेत मागण्याला शब्दांची वाण नाही. भिक्षा, माधुकरी, जोगवा, कोरान्न, पट्टी, वर्गणी, देणगी, आणि इंग्रजी अमदानीत आलेला फंड. या शब्दांमध्ये एक उतरंड आहे. भीक मागणारा दीन असतो. भिक्षा मागणारा मात्र पूज्य असू शकतो. माधुकरीत मधमाशीची उपमा आहे. फुलाला इजा न करता प्रत्येकाकडून थोडे थोडे घ्यावयाचे, हा तिचा दंडक. ‘दासबोधा’च्या चौदाव्या दशकात समर्थांनी एक सबंध समास भिक्षेच्या निरूपणाला दिला आहे. कोणी पुष्कळ आणून दिले तरी भिक्षेकऱ्याने थोडेच घ्यावे, ही त्यातील शिकवण आजही मननीय आहे. भिक्षेच्या निमित्ताने लोक कळतात, मुलूख कळतो, हेही समर्थांना ठाऊक होते. पट्टी सक्तीची, देणगी मोठ्याची. वर्गणी मात्र बरोबरीच्या माणसांची. वर्गणीत देणारा आणि मागणारा एकाच पंगतीला बसलेले असतात. गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रातील सार्वजनिक जीवन भिक्षेकडून वर्गणीकडे सरकले, आणि हे स्थित्यंतर घडविणाऱ्यांत अग्रभागी स्त्रिया होत्या, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

त्यांच्यातील पहिली कथा याच मद्रास इलाख्यात सुरू होते. १८७० नंतरच्या दुष्काळी वर्षांत अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब दक्षिणेत तीर्थामागून तीर्थ करीत हिंडत होते. पुराण सांगावे, श्रोत्यांनी आपण होऊन जे पुढे ठेवले त्यावर निर्वाह करावा, हा त्यांचा क्रम. मागणे या कुटुंबाला ठाऊकच नव्हते. शास्त्र शिकलेल्या ब्राह्मणाने अंगमेहनत करावयाची नाही आणि तोंड उघडून याचनाही करावयाची नाही. दुष्काळात श्रोते राहिले नाहीत, तसे पुढे ठेवणारेही राहिले नाहीत. चीजवस्तू विकून झाली, अन्न संपले, रानात पाने आणि पाणी यांवर दिवस काढावे लागले. १८७४ साली अनंतशास्त्री गेले. पाठोपाठ आई लक्ष्मीबाई गेली, पुढे थोरली बहीणही गेली. मुलगी रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास एवढेच उरले.

पुढे पंडिता रमाबाईंनी या दिवसांविषयी इंग्रजीत लिहिले. त्या लिखाणात त्या काळातील एक प्रसंग आहे. आई मरणपंथाला लागली होती आणि भुकेने व्याकूळ होऊन खायला मागत होती. मुलगी शेजारच्या एका बाईकडे भाकरीचा तुकडा मागायला गेली. पण दारात उभी राहिल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटेना. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि जीभ उचलत नव्हती. त्या बाईने ओळखून बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. तो घेऊन ती परतली. परंतु आईला तो खाण्याइतकीही शक्ती उरली नव्हती.

हा प्रसंग वाचून केवळ हळहळून पुढे जाणे बरोबर नाही. ज्या मुलीला स्वतःच्या आईसाठी भाकरीचा तुकडा मागता आला नाही, तीच पुढे बारा-तेरा वर्षांनी अमेरिकेतील शहरांमागून शहरांत उभी राहून अनोळखी माणसांकडे बालविधवांच्या शिक्षणासाठी पैसा मागत होती. या दोन चित्रांमधील अंतर हाच या विषयाचा गाभा आहे. तिच्या जिभेवरची गाठ कशाने सुटली?

वयाने किंवा इंग्रजीच्या ज्ञानाने, असे सोपे उत्तर देता येईल. ते अपुरे आहे. रमाबाईंचा मानी स्वभाव काही पालटला नव्हता. १८८३ साली इंग्लंडला जाताना त्यांनी प्रवासखर्चासाठी मुख्यतः ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीवर भिस्त ठेवली होती. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि तेथेच राहिल्या. त्या काळात त्यांनी दोन कामे केली. एक म्हणजे बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले. आपण जी शाळा काढू म्हणतो ती कशी चालवायची, हे ठाऊक असल्याशिवाय तिच्यासाठी मागावयाचे नाही, हा त्यामागचा विचार. दुसरे म्हणजे १८८७ साली ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. या पुस्तकाचे स्वरूप अभ्यासण्याजोगे आहे. त्यात करुणा आहे, परंतु ती शिरगणतीच्या आकड्यांच्या आणि धर्मशास्त्रातील वचनांच्या आधाराने उभी आहे. आणि शेवटी काय करावयाचे, कसल्या शाळेची गरज आहे, याचा निश्चित आराखडा आहे. दुःख सांगावे, त्याचे प्रमाण सांगावे, उपाय सांगावा आणि मगच हात पुढे करावा, ही मांडणी आज कोणत्याही निधिसंकलकाला शिकविली जाते. रमाबाईंना ती कोणी शिकविली नव्हती. आणि हे पुस्तक त्यांनी अर्पण केले आहे ते आईला.

डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. गावोगावी ‘रमाबाई मंडळे’ निघाली. वर्षाला एक डॉलर याप्रमाणे दहा वर्षे वर्गणी देण्याचे वचन सभासदांनी दिले. एका धनिकाच्या दारी जाण्याऐवजी असंख्य स्त्रियांकडून एकेक डॉलर घेणे, ही माधुकरीच होती. फक्त तिचे अंगण महासागरापलीकडे होते. येथे मागणाऱ्याने स्वतःला किती बांधून घेतले तेही पाहिले पाहिजे. दात्यांनी दहा वर्षांचे वचन दिले होते. रमाबाईंनीही वचन दिले होते. शाळेत धर्माच्या बाबतीत सक्ती वा आग्रह होणार नाही, मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक राहील. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदासदन उघडले ते या दुहेरी वचनावर. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. तिचे नाव पुढे येणारच आहे.

या वचनाचीच पुढे परीक्षा झाली. सदन पुण्याला आल्यानंतर काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेत सामील होऊ लागल्या. त्यांना मज्जाव करणे रमाबाईंना धर्माच्या विरुद्ध वाटले. पालकांना आणि वृत्तपत्रांना हा वचनभंग वाटला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. या वादाचा निवाडा एका बाजूने करता येत नाही. सदनात दार उघडे होते, सक्ती नव्हती, हे रमाबाईंचे म्हणणे खरे होते. आणि आपली मुलगी ज्या भरवशावर पाठविली तो भरवसा ढळला, हे पालकांचे म्हणणेही खोटे नव्हते. तटस्थता या एका शब्दाचा अर्थ बॉस्टनला एक, पुण्याला दुसरा आणि रमाबाईंच्या मनात तिसरा होता. मागताना वापरलेला शब्द किती काटेकोर असावा लागतो, याचा हा कठोर धडा आहे. बॉस्टनच्या संस्थेने ठरलेल्या मुदतीपर्यंत आपला शब्द पाळला. दहा वर्षे पुरी होताच, १८९८ साली, रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या. जुनी संस्था विसर्जित होऊन नवी स्थापन झाली, आणि तिच्यात तटस्थतेची अट नव्हती. मध्यंतरी दुष्काळातून आणलेल्या सुमारे ३०० मुलींचा भार केडगावी येऊन पडला होता. जुन्या वचनाच्या आड नवे काम लपविण्यापेक्षा जुने वचन मिटवून नवे उघडपणे मागणे त्यांनी पसंत केले. त्यांच्या धर्मांतराबद्दल कोणाचे काहीही मत असो, या एका गोष्टीतील सचोटी नाकारता येणार नाही.

शारदासदनातील ती गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई उर्फ बाया कर्वे. ११ मार्च १८९३ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. मुरूडच्या लोकांनी कर्व्यांना वाळीत टाकले. ज्या समाजाने दार बंद केले, त्याच समाजाच्या दारी कर्व्यांना पुढची साठ वर्षे मागण्यासाठी जावयाचे होते.

कर्वे वक्ते नव्हते. स्वभाव भिडस्त, आवाज खालचा, बोलणे मोजके. लोकांना भारून टाकणारा पुरुष म्हणून कोणी त्यांचे वर्णन केलेले नाही. परंतु नकार पचविण्याचे शिक्षण त्यांना लहानपणीच मिळाले होते. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते मुरूडहून पायी घाट चढून साताऱ्याला गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून परीक्षेला न बसताच त्यांना परतावे लागले. ‘आत्मवृत्ता’त हा प्रसंग ते ज्या निर्विकारपणे सांगतात, त्याच निर्विकारपणे पुढे वर्गणीचे अनुभव सांगतात. कोणी दिले, कोणी नाही दिले. ज्याने नाही दिले त्याच्याकडे पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. त्यांच्या गद्यात रागही नाही आणि आर्जवही नाही. ही शैली हाच त्यांचा मागण्याचा गुण होता. नकार हा आपला अपमान नव्हे, कारण आपण आपल्यासाठी आलेलोच नाही. ही खूणगाठ पक्की असलेल्या माणसाचे ते गद्य आहे. रमाबाईंच्या जिभेवरची गाठ सुटली ती याच जाणिवेने, असे मला वाटते. आईच्या भाकरीसाठी दारात उभी असलेली मुलगी स्वतःच्या घराण्याचा मान घेऊन उभी होती. बॉस्टनला उभी असलेली स्त्री तो मान घरी ठेवून आली होती.

१८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली, तेव्हा कर्व्यांनी प्रथम स्वतःची हजार रुपयांची शिल्लक तीत घातली. दुसऱ्याकडे मागण्यापूर्वी स्वतः द्यावे, हा नियम जगभर सांगितला जातो. कर्व्यांनी तो न सांगता पाळला. त्याहून महत्त्वाचा त्यांचा दुसरा निर्णय होता. विधवाविवाहाच्या चळवळीतील आपले काम त्यांनी आश्रमापासून वेगळे ठेवले. आश्रम विधवांना शिकवील, त्यांचे विवाह लावणार नाही, अशी ग्वाही त्यांनी दिली. कडव्या सुधारकांना हा कच्चेपणा वाटला. परंतु पुनर्विवाहाला विरोध असूनही विधवेने शिकावे असे वाटणारी हजारो घरे महाराष्ट्रात होती, आणि त्या घरांतील रुपया त्यांच्या मनाविरुद्ध वापरला जाणार नाही, एवढी हमी त्यांना हवी होती. शारदासदनाच्या वादाची झळ ज्यांनी जवळून पाहिली होती, त्यांच्यापैकी कर्वे एक होते. तो धडा त्यांनी गिरवला. मागणाऱ्याने जे देता येईल तेवढ्याचेच वचन द्यावे.

१९१६ साली महिला विद्यापीठ निघाले, तेव्हा सरकारी सनद नव्हती, मोठा दाता नव्हता. वर्गणीदारांचे मतदारसंघ करून त्यांनाच कारभाऱ्यांच्या निवडणुकीत मत देण्याची योजना कर्व्यांनी केली. वर्गणी या शब्दात दडलेला बरोबरीचा अर्थ येथे प्रत्यक्ष घटनेत उतरला. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी देऊ केली. तिच्याबरोबर विद्यापीठाला आपल्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव देण्याची अट आली, आणि १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणेही मुंबईला गेले. कर्व्यांनी नाव दिले. हातचे राखून ठेवण्याजोगे काय आणि सोडून देण्याजोगे काय, याचा हिशेब त्यांच्या मनाशी स्पष्ट होता. मुलींना मातृभाषेतून शिक्षण ही वस्तू राखावयाची. पाटीवरचे नाव सोडता येते.

याच प्रश्नाला कर्मवीर भाऊराव पाटील यांनी उलट उत्तर दिले. साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढताना मोठ्या देणगीच्या बदल्यात नाव बदलण्याची सूचना पुढे आली आणि त्यांनी ती तत्काळ धुडकावून लावली, ही आठवण रयत शिक्षण संस्थेच्या परिवारात आजही सांगितली जाते. शेतकऱ्यांच्या, दलितांच्या मुलांना स्वाभिमान शिकविणाऱ्या संस्थेत नाव हीच शिकवण होती. ते विकले तर उरले काय? दोघेही बरोबर होते, याचे कारण आपण काय मागत आहो आणि कशासाठी, हे दोघांनाही नेमके ठाऊक होते. भाऊरावांचा मुष्टिफंडही या संदर्भात आठवावा. दळायला बसणाऱ्या बाईने एक मूठ धान्य बाजूला काढावे, एवढेच मागणे. समर्थांच्या मूठभर भिक्षेचा हा विसाव्या शतकातील अवतार. त्या मुठीची किंमत आण्यांत होत नाही. जिचे स्वतःचे मूल शाळेत जाण्याची शक्यता कमी, ती बाई त्या मुठीने शाळेची मालकीण होत असे.

मागणाऱ्यांच्या गुणांचे असे गोडवे गाताना एक बाजू नेहमी झाकली जाते. ती झाकता कामा नये. दुसऱ्यांसाठी मागणाऱ्याच्या घरात काय शिजते, हे सहसा घरातील स्त्रीलाच ठाऊक असते. बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली प्रसिद्ध झाले. अण्णांच्या ‘आत्मवृत्ता’च्या शेजारी ठेवून ते वाचावे. एकात संस्थेची वाढ आहे, दुसऱ्यात संसाराची ओढाताण आहे. जो रुपया अण्णांच्या वहीत संस्थेच्या जमेस दिसतो, तो बायांच्या पुस्तकात घरखर्चातून गेलेला दिसतो. भाऊरावांच्या वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने, अखेर मंगळसूत्रही गेले, हे आपण गौरवाने सांगतो. तो गौरव खरा आहे. परंतु ज्या देणगीची पावती कधी फाडली गेली नाही, अशी ती देणगी आहे, हेही नमूद केले पाहिजे.

या परंपरेतील सर्वांत विलक्षण व्यक्ती मात्र बायांची बहीण, पार्वतीबाई आठवले. देवरुखच्या जोशी घराण्यातील ही मुलगी विशीत विधवा झाली. केशवपन झालेले, पदरी लहान मुलगा, शिक्षण नाही. बहिणीच्या आधाराने ती पुण्यास आली, वयाच्या त्या टप्प्यावर मुळाक्षरांच्या पुढे सरकली, आश्रमात काम करू लागली आणि पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करण्याचे काम तिने अंगावर घेतले. त्या काळात सोवळी विधवा समोर येणे हा अपशकुन मानला जाई. प्रवासाला निघालेला माणूस तिला पाहून मागे फिरे. अशी स्त्री गावोगावच्या सभांत उभी राहून, पुरुषांसमोर, स्वतःसारख्या स्त्रियांसाठी पैसा मागत होती. तिचे वेगळे असे वक्तृत्व शोधण्याची गरज नाही; तिचे उभे राहणे हेच भाषण होते. परंतु तेवढ्यावर विसंबून ती राहिली नाही. दया उपजविणे सोपे आहे; पार्वतीबाईंना दया नको होती, विद्यार्थिनींसाठी साहाय्य हवे होते. म्हणून १९१२ च्या सुमारास त्यांनी केशवपनाची रूढी स्वतःपुरती मोडली, तीही पूर्ण विचारांती. आणि १९१८ साली, पन्नाशीकडे झुकलेल्या वयात, इंग्रजी शिकावे आणि संस्थेसाठी द्रव्य मिळवावे म्हणून त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी दिवस काढले. भाषा येत नाही, ओळख नाही, प्रकृती साथ देत नाही. १९२० साली त्या परत आल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मवृत्त १९२८ साली आले. रमाबाईंना अमेरिकेत विदुषी म्हणून व्यासपीठ मिळाले होते; पार्वतीबाई भांडी घासून व्यासपीठापर्यंत पोचल्या. मागणाऱ्याला दुसऱ्याच्या दारी कमीपणा वाटू नये, याचा याहून मोठा दाखला मराठीत नाही.

आता तांबरमच्या त्या अध्यक्षांकडे वळू. पार्वतीबाई अमेरिकेस गेल्या त्याच वर्षी, ११ नोव्हेंबर १९१८ रोजी, तेथे सात संस्थांच्या संयुक्त युद्धकार्य निधीची मोहीम सुरू झाली. तिची सूत्रे मॉट यांच्या हाती होती. त्या सातांत अमेरिकन ग्रंथालय संघही होता. उद्दिष्ट १७ कोटी डॉलरांहून अधिक. आणि योगायोग असा, की मोहिमेच्या पहिल्याच दिवशी युद्ध थांबले. तरीही आठवडाभरात २० कोटींहून अधिक डॉलरांची वचने मिळाली. या यशामागे वाय.एम.सी.ए.चे चार्ल्स वॉर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९०५ पासून घडविलेले तंत्र होते. उद्दिष्ट निश्चित, मुदत थोडी, प्रथम मोठ्या देणग्या, मग पथकांची चढाओढ, आणि रोजची वाढ दाखविणारे मोठे घड्याळ भर चौकात. आजचे निधिसंकलन जगभर याच तंत्राची सुधारलेली आवृत्ती आहे.

हे तंत्र तुच्छ लेखण्याचे कारण नाही. रमाबाईंची मंडळे आणि कर्व्यांचे मतदारसंघ हीही तंत्रेच होती. परंतु चौकातील घड्याळाला एक गोष्ट दाखविता येत नाही: देणाऱ्याने मनापासून दिले, की शेजाऱ्याच्या नजरेला भिऊन. अमेरिकेतील त्या काळच्या युद्धनिधींच्या मोहिमांत हात आखडता घेणाऱ्यांना देशद्रोही ठरविण्यापर्यंत मजल गेल्याची उदाहरणे आहेत. वर्गणीची तेथे पुन्हा पट्टी झाली. आपल्याकडे चौकाचौकांत उत्सवांच्या नावाने पावतीपुस्तके घेऊन फिरणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको. तंत्र रक्कम वाढवू शकते; देणारा पुढच्या वर्षी स्वखुशीने दार उघडील की नाही, हे ठरते मागणाऱ्याच्या स्वभावावर आणि त्याच्या वहीवर.

कर्व्यांचे अखेरचे चित्र या दृष्टीने बोलके आहे. विद्यापीठ उभे राहिले, देशोदेशी फिरून झाले, आणि १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले. लक्षावधींची देणगी मिळविलेला हा वृद्ध पुण्याच्या गल्ल्यांतून पुन्हा पै-पैसा गोळा करीत घरोघर हिंडू लागला. मोठ्या देणगीनंतर लहान वर्गणीकडे परत येणे सोपे नसते. तेथे मानही कमी आणि पायपीट जास्त. १९५८ साली शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. त्यापूर्वी किती उंबरे त्यांनी झिजविले असतील, याची नोंद कोणत्याही मानपत्रात नाही.

या सर्वांच्या अंगी समान असे काय होते? वक्तृत्व नव्हे, कर्वे अबोल होते. प्रतिष्ठा नव्हे, पार्वतीबाईंचे दर्शनही लोक टाळीत. सर्वांशी जमवून घेण्याची कला नव्हे; भाऊरावांनी दाते दुखावले. समान होती ती एक जाणीव. पैसा मागणे म्हणजे वचन देणे. देणाऱ्याला वचन, की त्याचा पैसा सांगितल्या कामी लागेल; ज्याच्यासाठी मागितले त्याला वचन, की त्याची दैना विकून त्याचा मान घालविला जाणार नाही. झोळी पुढे करण्याचे धैर्य या दुहेरी वचनातून येते, आणि हिशेबवही हा त्या वचनाचा लेखी पुरावा असतो. झोळी आहे आणि वही नाही, तेथे भोंदूपणा शिरतो. वही आहे आणि झोळी पुढे करण्याचे धैर्य नाही, तेथे संस्था कागदावरच राहतात.

आजच्या विद्यार्थ्याने ‘आत्मवृत्त’, ‘माझे पुराण’ आणि ‘माझी कहाणी’ ही तीन पुस्तके एकत्र वाचावीत असे सुचवावेसे वाटते. सुधारणेचा इतिहास म्हणून ती वाचली गेली आहेत, स्त्रीजीवनाचे दस्तऐवज म्हणूनही वाचली गेली आहेत. मागण्याचे वाङ्मय म्हणून ती अजून वाचावयाची आहेत. बारा खाटांचे शुश्रूषागृह मागे राहिले आणि त्याच्या नावाच्या स्थानकावर आजही गाडी थांबते. तेथे चढणाऱ्या-उतरणाऱ्यांपैकी कितीजणांना डॉ. चौरी-मुथू ठाऊक असतील, कोण जाणे. मागून उभ्या केलेल्या संस्थेचे भाग्य बहुधा असेच असते. मागणारा विसरला जातो, आणि ज्यांच्यासाठी त्याने मागितले ती माणसे त्याच्या दारातून आत जात राहतात.